कंटिन्युइटी

माझं काम साधं. वही, पेन्सिल,
आणि कालचा पेला कुठे होता ते लक्षात ठेवणं.
मेणबत्ती किती उरलेली, कॉलरचं टोक आत की बाहेर,
रडणाऱ्या बाईचा रुमाल कुठल्या हातात.
सिनेमातली एक दुपार आम्ही अकरा दिवस खातो
आणि ते कुणाला कळू द्यायचं नसतं.

चियातुराला, मँगनीजच्या त्या काळपट दरीत,
आम्हांला एक प्रेत हवं होतं. विनोदी.
तिबिलिसीचे नट महाग, शिवाय गप्प पडायला तयार नाहीत.
मग रोपवेवरून निवृत्त झालेला अंझोर आला,
शवपेटीत शिरला, कुशीवर वळून पाहिलं,
म्हणाला, पस्तीस वर्षं लोखंडी पेटीत लोंबकळलो,
ही तर लाकडाची, आणि जमिनीवर.
जेवण धरून पैसे, की वेगळे?

पहिल्या टेकला नाकपुडी हलली.
चौथ्याला नातेला मावशीने हंबरडा फोडला
आणि प्रेत खुदकन हसलं:
नर्दीच्या पटावरचे माझे चाळीस लारी बुडवून बसलीय ही,
बघा, कशी सुटल्यासारखी रडतेय!
नवव्याला ते चक्क घोरलं.
झुराबने टोपी जमिनीवर आपटली.
टोपी कुठे पडली, तेही मी टिपून ठेवलं.

दुसऱ्या आठवड्यात कोट सैल पडू लागला.
मी पाठीमागून टाचण्या लावल्या. तीन. मग पाच.
वहीत लिहिलं: मान आणि कॉलर यांत दोन बोटं. सोमवारी एक होतं.
डोळे मिटलेलेच ठेवून तो म्हणाला,
लिहितेस काय पोरी, विचार की.
मी विचारलं नाही.
त्यानेच सांगितलं, कुताइसीच्या डॉक्टरने
द्राक्षांच्या तोडणीपर्यंतचा वायदा केलाय.
पण डॉक्टर बायकोच्या माहेरचा,
आणि त्या घरातून वेळेवर काही आल्याचं मला आठवत नाही.
झुराबला सांगू?
खबरदार. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही,
निर्माता भितो.

शूटिंग सुटलं की अंझोर सुटायचा.
मेकअपवालीची स्कूटर शिकला, कुंपणात घातली, पुन्हा शिकला.
त्सियालाला, त्रेचाळीस वर्षांच्या संसारानंतर,
तुला रंग कुठला आवडतो म्हणून विचारलं.
ती भडकली. तीन दिवस अबोला.
मग भांडी विसळता विसळता म्हणाली, पिवळा.

दुसऱ्या दिवशी प्रेताच्या खिशात पिवळा रुमाल.
कालपर्यंत नव्हता. मी काढायला गेले
तर त्याने माझं मनगट धरलं.
इतका गरम हात मी कुठल्याच प्रेताचा पाहिला नव्हता.
राहू दे, म्हणाला. लोकांना वाटेल, मेल्यावर आणला.

शेवटच्या दृश्यात, तेराव्याच्या नव्हे, तिथल्या त्याच दिवशीच्या जेवणात,
तमादा त्याच्या थोरवीचं भाषण विसरला.
कॅमेरा चालू. शांतता.
अंझोर उठून बसला, समोरच्या थाळीत बोट बुडवून चाटलं:
मीठ कमी आहे. आणि थोर वगैरे नव्हतो, पुढे चला.
झुराब हसता हसता रडला, म्हणून कट म्हणायचं राहिलं.
ते सिनेमात तसंच आहे.

तोडणी झाली. वाइन जमिनीतल्या मडक्यांत गेली, उघडलीही.
डॉक्टर खरंच वेळ पाळत नव्हता.
फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी त्सियालाचा फोन:
तोच कोट घालतेय. रुमाल कुठल्या खिशात होता ग?
मी वही उघडली.
पेला होता, मेणबत्ती होती, झुराबची टोपी होती.
रुमाल मी लिहिलाच नव्हता.

तिने आपल्या अंदाजाने ठेवला, वरच्या डाव्या.
नातेला मावशी आली, दोनदा मोजलेले चाळीस लारी
त्या पिवळ्यामागे सारले,
हंबरड्यासाठी तोंड उघडलं, आणि तशीच थांबून
त्याच्या नाकपुडीकडे पाहत राहिली.
आम्ही सगळेच. बराच वेळ.