चार घरांवरून

साठ हजार फ्रँक, शनिवारच्या आत.
मासे धुरवायची आमची भट्टी खचली आहे,
जाळी गंजून पापुद्र्यांनी हातात येते
आणि जोआलच्या धक्क्यावर रोज होड्या भरून उतरतात.

दुकानदार बिराम आत्ता देईल, उभ्या उभ्या.
साठाचे बहात्तर, महिन्याच्या बोलीनं,
वर त्याच्या बायकोचं हसणं.

मी वहीच्या मागच्या पानावर गोल काढले.
गोलात एकेक बाई,
मधल्या रेघांवर आकडे, कोण कुणाला कितीनं देतं.
आई कोळसा फुंकत सांगत गेली:
सिगा आत्याकडे दमडी नाही, पण तिचा शब्द चालतो.
कुठे? यांदे शिंपिणीकडे.
यांदेचे पैसे कापडात अडकलेत, पण ती ज्यांचे झगे शिवते…

अशा रेघा वाढत गेल्या. पान पुरेना.

बेरजा केल्या, खोडल्या, परत केल्या.
सरळ रस्ता सगळ्यात महाग निघाला.
सगळ्यात लांबचा, चार घरांवरून
कोडू होडीवालीच्या पेटीपाशी पोचणारा,
त्यात साठाचे एकसष्ट.
मी ओरडलेच.

आईला वाचता येत नाही.
तिनं काळं बोट रेघेवर ठेवलं आणि चालत गेली,
एक घर, दुसरं घर.
तिसऱ्या गोलावर बोट थांबलं.
ही कोण?
तेनिंग, मीठवाली. कोडू तिच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही.
आणि इथे काय लिहिलंयस?
शून्य. ती काही घेत नाही ना.

आई उठून भट्टीकडे गेली.
बिरामचे बारा हजार परवडतील, म्हणाली,
पाठ माझ्याकडे ठेवून.

सात वर्षांपूर्वी तेनिंगचा लातीर समुद्रावरून आला नाही.
आख्खी वस्ती तिच्या अंगणात बसली होती,
आई सोडून.
का, ते मला कुणी सांगत नाही.

गुरुवारी तिनं निळा रुमाल बांधला.
मीठ वाळत होतं, तेनिंग फळी ओढत होती.
सुखरूप आहात? सुखरूप.
घरचे? सुखरूपच.
सून? नातवंडं? थोरला, डाकारचा?
आमच्याकडे ही विचारपूस लांबते, एकेक नाव घेत.
मी मनात मोजत होते.
एक नाव राहिलं.
फळी थांबली होती.

मग आईनं ते घेतलं.

तेनिंगनं मिठाचं पोतं सरकवलं, बसायला जागा केली.
ऊन कलेपर्यंत दोघी बसून होत्या,
मी माशा वारत.

पैशाचं कुणी काढलंच नाही.
शुक्रवारी परत जावं लागलं.