ते, ती

एकटं असलं की ते बदक,
सहा झाली की ती बदकं.
व्याकरणाने एवढ्यावर हात झटकलेत.
मुंढव्याच्या परसात टबातलं पाणी
केव्हाच चहाच्या रंगाचं.

जुलेखाभाभी म्हणाल्या, रंगावर जाऊ नका,
पांढऱ्यात सगळी पांढरीच. शेपूट बघा :
वर वळलेलं एखादं पीस, तो नर.
पण पिसं झडतात हो.
मग धरा आणि ऐका.

धरलं. पहिलीनं कालव्यापलीकडचं गॅरेज उठवलं.
दुसरीनंही. तिसरीनंही.
चौथ्याचा घसा बसलेला,
दाराआडून कुणी हळूच हाक मारावी तसा.

ज्याला पाच महिने सुभेदार म्हणत आलो
तिनं आज पाण्याच्या मीटरखाली
अंडं घातलंय. हिरवट, अजून कोमट.

नाव बदलू का, विचारलं.
केवढ्यांदा ओरडली.
हो की नाही, ते काही कळलं नाही.