डांबर संपतं तिथे

डांबर संपतं तिथे माझं दुकान.
धंद्याला याहून बरी जागा नाही, बाप म्हणायचा.
तो घोड्यांना नाल ठोकायचा, मी टायर बसवतो.
पलीकडे रिपियो. नदीतले गोटे उचलून
कुणीतरी घाईघाईनं रस्त्यावर ओतलेले,
आणि ट्रकांनी त्यावर उमटवलेली कालामिना,
म्हणजे छपराचा पन्हळी पत्रा
कोसच्या कोस आडवा टाकल्यासारखी.

जानेवारीत, गोमाशांच्या दिवसांत, रोसाउरा बारिया आली.
कोयाइकेहून दोन दिवसांत, वाऱ्याला शिव्या घालत.
बासष्ट वर्षांची. सायकल भावाची.
टायर अठ्ठावीसचे, माझ्या अंगठ्याहून जेमतेम जाड,
हवा अशी ठासलेली की टिचकी मारली तर खणकन वाजावी.
"पुढे टिकतील ना?"
"टायर टिकतील," मी म्हटलं. "तुमच्या मनगटांचं माहीत नाही."

ती हसली नाही. म्हणाली,
रुंद म्हणजे जड, जड म्हणजे हळू,
आणि डांबरावर काय करायचं त्या लोढण्याचं?
मी पानं खाली ठेवलं, तिला बाहेर नेलं.
म्हटलं, मूठ आवळा, खडीवर टेका, भार द्या.
तिनं दिला. ओठ चावला.
आता बोटं सैल सोडा. तळहात पसरा. परत भार द्या.
तिनं दिला.
बराच वेळ ती तशीच वाकून राहिली,
दगडांवर हात ठेवून,
कुणाच्या कपाळावर ताप बघावा तशी.

मग माते उकळेपर्यंत सांगत बसली.
एकतीस वर्षं टपालात. दक्षिणेचा थैला तिच्याकडे.
बेर्त्रांद, कोक्राने, तोर्तेल,
नाव वाचायचं, शिक्का मारायचा, नाव वाचायचं.
"त्यातलं एकही गाव पाहिलं नाही, निबाल्दो.
अक्षरं ओळखते मी त्यांची.
बेर्त्रांदचा एकजण तर पत्ता पेन्सिलीनं लिहायचा, खोडून खोडून."
मी साखरेचा डबा सरकवला. बोलण्यासारखं काही सुचलं नाही.

पन्नासचे टायर होते माझ्याकडे, नवे कोरे,
पण सायकलीलाही काही मत असतं.
पुढच्या चिमट्यात सत्तेचाळीस बसले,
दोन्ही बाजूंना काडेपेटीतली काडी फिरेल एवढी जागा.
मागे मात्र चाळीसच्या वर बसेना.
घातले असते जबरदस्तीनं; पण पहिल्याच चिखलात
चाक घट्ट धरून बसलं असतं, हट्टी वासरासारखं.
म्हणून पुढे रुंद, मागे जरा कमी.
मडगार्ड काढावे लागले. तिला ते आवडलं नाही.
"पाठीवर रेघ उठेल चिखलाची."
"उठू दे. तिकडे सगळ्यांच्याच पाठीवर असते."

हवा भरताना ती पंपाशी भांडली, अजून, अजून.
मी तिचा अंगठा धरून टायरवर दाबला:
पिकायला आलेल्या फळाइतकं. त्यापुढे नाही.
खरं तर मीही वर्षानुवर्षं अरुंदच विकले.
घाऊकवाला तेच पाठवायचा, आणि लोक
वेगाचे पैसे खुशीनं मोजायचे.
किती मनगटं माझ्या नावावर आहेत, देव जाणे.
हे तिला सांगितलं नाही. बिलात थोडं कमी लावलं.

ती गेली तेव्हा आवाज बदललेला होता.
अरुंद टायर खडीवर करकरतात, दात खाल्ल्यासारखे.
हे नुसतं पुटपुटत गेलं,
पुलापर्यंत ऐकू आलं, मग वारा सुटला.

मार्चमध्ये पत्र आलं. दोनच ओळी, पेन्सिलीनं:
मागची हवा अजून थोडी सोडली.
तुमच्या चिमट्याच्या काड्या माझ्याच खिशात राहिल्या.
शिक्का इतका पुसट की गाव लागेना.
उजेडाला धरलं, तिरकं धरलं,
शेवटी बायकोचा चष्मा लावून पाहिलं.

मडगार्ड अजून खिळ्याला आहेत.
वारा आला की एकमेकांवर आपटतात.
काढून ठेवायला हवेत.