हँडल

आम्ही अकरा होतो भांडुपच्या त्या खोलीत.
रबर फॅक्टरीच्या भिंतीला पाठ टेकून बसायचो
म्हणून सगळ्यांचे सदरे मागून काळे.
इतिवृत्त मी लिहायचे.
अक्षर बरं होतं, आणि खोली माझीच होती.
मतदानापर्यंत मी कॉम्रेड,
चहाच्या वेळी वहिनी.

सव्वीस फेब्रुवारीला, रात्री पावणेदोनला,
देश अर्धसरंजामी आहे
की सरंजामी अवशेष उरलेला भांडवली,
यावर पाच विरुद्ध पाच.
मी उच्चिलच्या बाजूनं हात वर केला.
तो स्वतःचा कप विसळून ठेवायचा.

अकरावा बनसोडे.
दोन्ही पाचांनी त्याच्याकडे पाहिलं,
इतकं निरखून त्याच्याकडे आधी कुणी पाहिलं नव्हतं.
तो म्हणाला, या प्रबंधात जात कुठेय?
तिरोडकर म्हणाला, तळटीप टाकू.
उच्चिल म्हणाला, हो, तळटीप.
त्या रात्रीचं तेवढंच एकमत.
बनसोडेनं चपला घातल्या.

इतिवृत्तात आहे:
'कॉ. बनसोडे आवश्यक कामासाठी लवकर गेले.'
अक्षर माझंच.
पाच गेले ती फूट.
एकटा माणूस नुसता जातो.

मग पत्रकं.
दोन्ही एकाच टाइपरायटरवर, रात्रीच्या वेळा वाटून घेऊन,
त्याच्या 'ण'चा पाय तुटलेला
म्हणून इकडचे दुरुस्तीवादी आणि तिकडचे साहसवादी
दोघंही लंगडत 'शोषण' लिहायचे.
गेटवर सोनू डावरे दोन्ही घ्यायचा, घडी घालून विचारायचा,
ओव्हरटाइमचं कुठल्या पानावर?
यात सहाव्या.
त्यात सातव्या.
बरं, म्हणायचा, आणि आत जायचा. पाळी आठची असायची.

सायक्लोस्टाईल मशीन माझ्या खाटेखाली.
भांडवली कोर्टात जायचं नाही
हा जुना ठराव दोघांनाही मान्य,
म्हणून मंगळवारी उच्चिल हातगाडी घेऊन आला
आणि शुक्रवारी तिरोडकर, दोन पोरं घेऊन.
मशीन उच्चिलनं नेलं.
शाई आणि स्टेन्सिल तिरोडकरनं.
हँडल मी सोमवारीच काढून
तांदळाच्या डब्यात खोल पुरलं होतं.
का, ते मलाही नीट सांगता यायचं नाही.
मला कुणी काढून टाकलं नाही.
खोलीसारखीच मी गृहीत होते.

पुढं पाचांचे तीन आणि दोन झाले.
दोघांनी मध्यवर्ती समिती निवडली.
त्यांच्यात बहुमत कसं ठरायचं
हे विचारायचं कायम राहून गेलं.
तिघांनी एकाला पोलिसांचा माणूस ठरवलं,
तो बिचारा पोस्टात होता, पोस्टातच निवृत्त झाला.

फॅक्टरी बंद होणार, हे दोन्ही पत्रकांत होतं.
बंद झाली.
पावणेचारशे माणसं गेटबाहेर उभी होती
आणि आम्ही दोन कोपऱ्यांत दोन बॅनर धरून,
एकमेकांचा बॅनर वाचत.
सोनू डावरे मधून निघून गेला, डबा हातात.
तो कुठं गेला, याची नोंद कुणाच्याच इतिवृत्तात नाही.

आता तिथं चाळीस मजले आहेत.
भिंत गेली. पाठीचा काळा डाग
एका सदऱ्यावर अजून आहे, फडकं म्हणून.

हँडलनं मी आलं ठेचते.
लोखंड जड आहे, लाकडी मूठ हातात बसते.
उच्चिल येतो कधीकधी, गुडघे धरत जिना चढतो.
तिरोडकर येतो, वार चुकवून.
दोघंही म्हणतात, चहा तोच आहे हं वहिनी.
मी मान हलवते.
उच्चिल अजून कप विसळतो.

परवा वही काढली.
'आवश्यक कामासाठी' यावर पेन टेकवलं
आणि थांबले.
दुरुस्तीला कोरम लागतो, नियम मीच लिहिला होता:
एकूण सभासदांच्या निम्म्याहून अधिक.
अकरातले सहा.
बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं.
हयात पाच.
तेही बनसोडेला धरून.