पळासनेरच्या पुढे दहा पावलं

दिवाळीच्या तोंडावर आम्ही नाक्यावर बसलो.
मी, शिपाई हिलाल, चार बरण्या, लाख, दोरा,
आणि सकाळीच आलेलं परिपत्रक,
ज्यात खव्याला खवा कधी म्हणायचं
हे तेरा कलमांत सांगितलं होतं.

टेम्पो आला रात्री अडीचला.
आला म्हणजे थांबला,
रेषेच्या पलीकडे, दहा पावलांवर.
ताडपत्रीखाली नव्वदेक टोपल्या असाव्यात.
वास अलीकडे येऊनसुद्धा गेला,
त्याची पावती कोणी मागितली नाही.

ड्रायव्हर उतरला. केळं सोललं,
माझ्याकडे बघत सावकाश खाल्लं,
साल माझ्या राज्यात फेकली.

हिलाल म्हणाला, साहेब, दहाच पावलं आहेत.
म्हटलं, अरे, पुस्तक दिल्लीचं, सगळ्यांना एकच,
पण पान उलटायचा हात ज्याच्या त्याच्या जिल्ह्याचा.
तिकडे गेलो की मी
सेंधव्याला निघालेला कोणीही.

मथाबाईची टपरी त्या रेषेवरच.
चूल इकडे, बाकडं तिकडे,
मधला वासा कुणाचा
ते तलाठ्यालाही सांगता आलं नव्हतं.
नोंदणीचा फॉर्म मीच तिला दिलेला, उन्हाळ्यात.
तो तिने पिठाच्या डब्यात तळाला अंथरला होता.

"साहेब, चुल्हा तुम्हना, बाकडं तेस्नं.
धूर कोनता राज्यमा लिखशात?"

मला हसू आलं नाही. फॉर्मात रकाना होताच तसा:
व्यवसायाचे ठिकाण, पूर्ण पत्ता.

तिने कळण्याची भाकरी थापली,
ठेचा वाटला, वर तेल सोडलं,
सुटं, बिनलेबलाचं,
ज्याच्यावर माझ्याच सहीची नोटीस
शिरपूरच्या दीड डझन दुकानांत चिकटलीय.
मी खाल्लं.
बाकड्यावर बसून खाल्लं, म्हणजे
कायद्याने बघितलं तर
तेव्हा मी माझ्या हद्दीत नव्हतो.

ड्रायव्हरही येऊन बसला, त्याच बाकड्यावर.
त्यालाही तिने वाढलं, तेवढंच.
मिरची कुठली, त्याने विचारलं.
नंदुरबारनी, ती म्हणाली.
मग त्याच्या मुलीची दहावी, माझी बदली,
यंदाची थंडी.
खवा कसला ते मी विचारलं नाही.
बाकड्यावर तो अधिकार नव्हता
आणि चुलीजवळ टेम्पो नव्हता.

उजाडायच्या आत तो वळला.
बहुतेक चोपड्याच्या रस्त्याने गेला,
तिथल्या नाक्यावरचा माणूस
त्या आठवड्यात निवडणुकीच्या कामाला होता.

भाऊबीजेला ऑफिसात पेढे आले, कुणाच्या तरी घरून.
हिलालने एक नाकाशी धरला,
माझ्याकडे बघितलं,
आणि तोंडात टाकला.
बरण्या कपाटात होत्या, चारही, कोरड्या.
लाख उन्हाने थोडी मऊ झाली होती.