गुळगुळीत

लडलोला मंगळवारी बाजार भरत नाही.
त्या दिवशी माणसं आमच्याकडे चांदी घेऊन येतात,
बिस्किटांच्या डब्यातून, मोज्यातून,
एकदा तर चहाच्या किटलीतून.

आज ईनिड ग्विल्यम. ओला रेनकोट, मोहरीचा डबा.
प्रॉसर काटा शून्यावर आणतो
आणि मला म्हणतो, लाव.
मी लावते:
व्हिक्टोरिया, केसांना फीत, जेमतेम विशीतली;
व्हिक्टोरिया, डोक्यावर एवढासा मुकुट,
शिंक आली तर पडेल असा;
व्हिक्टोरिया, पदर घेतलेली.
(पदरच. दुसरा शब्द माझ्या तोंडी येत नाही.)
हिरव्या बनातीवर
चार बोटांच्या अंतरात एक बाई म्हातारी होते.

आमच्याकडे हिला राणीछाप म्हणत
आणि तरी खणकन वाजवून घेत आधी.
प्रॉसरही तेच सांगतो, त्याच्या भाषेत:
एकोणीसशे वीसच्या आधीची इकडे, नंतरची तिकडे,
चेहरे बघत बसू नकोस.

तळाशी एक बटण निघालं.
म्हणजे ईनिडला ते बटणच वाटत आलं होतं,
आईच्या शिवणाच्या पेटीतलं, भोकं नसलेलं.
प्रॉसरनं चष्मा कपाळावर सरकवला, भिंग डोळ्याशी नेलं.
सिक्सपेन्स. तिसरा विल्यम.
दोनदा वाकवलेली, एक कड वर, एक कड खाली.
कुणा पोरानं दातात धरून वाकवली असेल,
कुणा पोरीच्या हातात कोंबली असेल.
तिनं ठेवली तर हो.
फेकली तर नाही.

राजा तिच्यावर आता नाहीच.
नाकाच्या जागी किंचित उंचवटा,
तोही बोटाला कळतो, डोळ्याला नाही.
घासून गुळगुळीत, असं आम्ही म्हणतो
वापरून वापरून मेलेल्या शब्दाला.
मी ते म्हणता म्हणता गिळलं.

‘मोडीत किती?’ ईनिड विचारते.
‘मोडीत जेमतेम दोन पौंड. अशीच विकलीस तर चाळीस.’
ती काहीच बोलत नाही.
ती पेटी आईच्या आधी कुणाची होती ते आठवत असेल,
किंवा साडेतीनची बस.

राण्या सगळ्या गेल्या, वजनावर.
पावती फाडताना पाहिलं,
तिचा उजवा हात रेनकोटच्या खिशात होता
आणि अंगठा आत हळूहळू फिरत होता,
राजाचं जे काही उरलं असेल
त्याच्यावरून.