पान दोनशे अकरा

पार्सल गुरुवारी आलं, तीन एसट्या बदलून.
तिकडच्या पेपरात बांधलेलं,
ज्यात सोन्याच्या भावाखाली
भरती-ओहोटीच्या वेळा छापतात.
आमच्या पेपरात त्या जागी हळद असते, सोयाबीन असतं.
परभणीत भरती कधी, हे कुणाला विचारावं?

आत तिवराची पानं.
वरून हिरवी, खालून चुन्यात बुडवल्यासारखी.
एक मी जिभेला लावलं.
खारट.
घोणसीकर मॅडम म्हणाल्या, ग्यानोबा, नमुना आहे तो.
म्हटलं, हौ. पण समुद्र बघितला नाही अजून,
तेवढा तरी.

याआधी बारा वर्षं वसमतला, औषधाच्या दुकानात.
माणूस यायचा, खिशातून पान काढून काउंटरवर ठेवायचा:
बगा, कोण खायलंय हे?
गोल भोक असलं तर एक बाटली,
कडेनं कुरतडलेलं असलं तर दुसरी,
जाळी झाली असली तर दोन्ही मिसळून.
किड्याचं तोंड मी कधी पाहिलं नाही.
बाटलीला विष कुणी म्हणत नसे, औषधच म्हणत.
आजारी नेमकं कोण, ते बारा वर्षांत ठरलं नाही.

आता पान आलेखाच्या कागदावर ठेवायचं,
कडेनं पेन्सिल फिरवायची,
भोकातले चौकोन मोजायचे, मिलिमीटरचे.
रकाने चार: चावा, खरवड, गाठ, नागमोड.
बाटलीचा रकाना नाही.
पहिला आठवडाभर माझा हात तो शोधत होता.

सोबत स्पिरिटच्या सदतीस नळ्या.
नावं नऊ जणांना.
बाकीचे सोंड्या दोन, भुंगेरा चार,
पतंग, ओळख बाकी.
एक हिरवा, घासलेल्या पितळेवर शेवाळ चढावं तसा,
चिठ्ठीशिवाय आला आणि तळाशी बसलाय,
लग्नघरात चुकून शिरलेल्या पाहुण्यासारखा.

पान दोनशे अकरा.
देठापासून एक पांढरी रेघ निघते, केसाएवढी.
मधली शीर टाळून वळते, परत फिरते,
जाड होत जाते,
कारण चालणारी चालता चालता वाढत होती.
टोकापाशी एक बारीक दार. तिथून पुढं काही नाही.
पानाच्या दोन कातड्यांमध्ये नागअळीचा सगळा संसार,
वर ऊन, खाली खाडी,
आणि ती आत, कोरडी.
हिच्या बहिणीवर मी किती डबे खपवले, टोमॅटोवाल्यांना.

रेघेशेजारी मोठं भोक. चोवीस चौकोन.
चोवीस लिहिले.
मॅडमनी बोट ठेवलं.
पान कोवळं होतं तेव्हा कुणी टाचणीएवढं खाल्लं असेल.
मग पान वाढलं, भोकही त्याच्यासोबत वाढलं.
तर चोवीसातले किड्याचे किती, पानाचे किती?
मी आकडा खोडला नाही.
पुढं प्रश्नचिन्ह काढलं, आणि ते जरा मोठंच झालं.

संध्याकाळी फाटकापाशी करंज.
सहा वर्षं याच्याच सावलीत गाडी लावतो.
सीटवर उन्हाचे ठिपके पडलेले,
काही फांद्यांमधून आलेले, काही पानांमधून.
फडकं मारलं तर हलले नाहीत.

रात्री झोप आली नाही,
सकाळी मॅडमना विचारलं:
जे पान सगळंच खाल्लं गेलं,
ते पार्सलात कसं येणार?
त्या हसल्या नाहीत.
चष्मा काढला, दोनशे अकराकडं बघत राहिल्या.
म्हणाल्या, कळवते त्यांना.
पुढच्या खेपेला रिकामे देठही मोजा म्हणावं,
ओहोटी बघून, चिखलात उतरून.

मी टोपलीतला पेपर उलगडला, सपाट केला,
ओहोटीच्या वेळेखाली बोट ठेवलं.
पाच वाजून चाळीस.
मागच्या सोमवारची.